‘फाईल लिहिते’ एवढं लिहून भागत नाही: एआय एजंटच्या टूलची माहिती कशी लिहावी

समजा, एका वाचनालयाच्या सभासदांची यादी दूरच्या सर्व्हरवर एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवली आहे. ३४० नावं, एका ओळीत एक. ग्रंथपाल एआय एजंटला सांगतात, “यादीत कुलकर्णींचं नाव घाल.” एजंटकडे सर्व्हरवर लिहिण्यासाठी एक टूल आहे आणि त्या टूलची माहिती एका वाक्यात दिलेली आहे: ‘दिलेल्या पाथवर दिलेला मजकूर लिहिते.’ एजंट ते वाचतो, फाईलचा पाथ, म्हणजे ती कुठे आहे तो पत्ता, देतो आणि मजकूर म्हणून कुलकर्णींच्या नावाची एक ओळ देतो. टूल उत्तर देतं, ‘यशस्वी’. एजंट ग्रंथपालांना कळवतो की नाव घातलं. आता त्या फाईलमध्ये एकच नाव उरलं आहे.

यात कोण चुकलं? टूलने मिळालेला मजकूर लिहिला. एजंटने वाक्याचा एक सरळ अर्थ लावला. ग्रंथपालांचं म्हणणं तर कुणालाही कळेल असं होतं. चूक त्या माहितीच्या वाक्यात आहे. ‘लिहिते’ या क्रियापदात नवी फाईल तयार करणं, जुनं पुसून नवं लिहिणं आणि असलेल्याच्या शेवटी जोडणं हे तिन्ही अर्थ बसतात. वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात त्यातला एकच होता आणि तो मनातच राहिला.

या लेखात मी हे एकच वाक्य दुरुस्त करत जाणार आहे. टूलची माहिती लिहिणं हे माझ्या आवडीचं काम आहे, आणि एजंट आल्यापासून त्याचं वजन किती वाढलं आहे हे या वाक्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून दाखवता येत नाही.

आधी एजंटला टूल दिसतं कसं, ते पाहू. भाषेचं मॉडेल स्वतः कुठलीही फाईल उघडू शकत नाही. ते मजकूर वाचतं आणि मजकूर लिहितं. फाईल लिहायची वेळ आली की ते ठरलेल्या साच्यात एक विनंती लिहितं: अमुक टूल चालवा, पाथ हा, मजकूर हा. मॉडेलभोवतीचा प्रोग्रॅम ती विनंती उचलून सर्व्हरकडे पाठवतो आणि आलेलं उत्तर पुन्हा मॉडेलपुढे मजकूर म्हणूनच ठेवतो. मॉडेल ते वाचून पुढची विनंती लिहितं. हे चक्र काम पुरं होईपर्यंत फिरवणारी व्यवस्था म्हणजे एजंट.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, सर्वांसाठी खुला केला. एजंट आणि टूल यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे हे नियम. त्यात मॉडेलला टूलची ओळख मुख्यतः तीन गोष्टींतून होते: टूलचं नाव, साध्या भाषेतलं वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या प्रकारात द्यायची हे सांगणारा जेसन स्कीमा. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. माणूस प्रोग्रॅमर अडला तर कोड उघडून बघतो, शेजारच्या टेबलावर विचारतो, नाहीतर एका निरुपयोगी फाईलवर आधी करून पाहतो. एजंट सहसा यातलं काही करत नाही आणि अडून बसतही नाही. माहितीत जिथे जागा रिकामी असेल तिथे तो अंदाज भरतो, आणि अंदाज भरला आहे हे त्याच्या उत्तरावरून कळत नाही. म्हणून वर्णनाला मी कोडचाच एक भाग मानते. कोडमधली एक ओळ बदलली की जसं वागणं बदलतं, तसंच वर्णनातला एक शब्द बदलला तरी एजंटचं वागणं बदलतं.

आता त्या क्रियापदाकडे येऊ.

एमसीपीसोबत नमुना म्हणून एक फाईल सर्व्हर दिला जातो. त्यातल्या लिहिण्याच्या टूलचं वर्णन बघण्यासारखं आहे. नवी फाईल तयार होईल किंवा असलेली फाईल पूर्णपणे बदलली जाईल, असं ते सुरुवातीलाच सांगतं. मग बजावतं की जपून वापरा, कारण कसलीही पूर्वसूचना न देता जुना मजकूर जाईल. शेवटी सांगतं की हे टूल परवानगी दिलेल्या फोल्डरांमध्येच चालतं. मोजकी वाक्यं आहेत, पण वाचनालयाची यादी वाचवायला ती पुरेशी होती. त्याच सर्व्हरमध्ये फाईलचा एखादाच भाग बदलण्यासाठी वेगळं टूल आहे, आणि त्यात बदल प्रत्यक्ष न करता तो कसा दिसेल हे आधी दाखवण्याची सोय आहे.

पूर्ण फाईल बदलणाऱ्या टूलच्या वर्णनात आणखी एक गोष्ट लिहावी लागते आणि ती माणसांसाठी लिहिताना कधी सुचलीच नसती. मॉडेलला लांब फाईलमधली एक ओळ बदलायला सांगितली की कधी कधी ते बदललेली ओळ लिहितं आणि बाकीच्या जागी ‘उरलेला भाग पूर्वीप्रमाणे’ असा शेरा मारून मोकळं होतं. गप्पांमध्ये हे ठीक आहे, समोरचा माणूस समजून घेतो. टूल मात्र तो शेराच फाईलमध्ये उतरवतं आणि उरलेला भाग कायमचा जातो. तेव्हा वर्णनात असं स्पष्ट वाक्य हवं: ‘मजकूर या रकान्यात पूर्ण फाईल द्या, गाळलेल्या भागासाठी टिंबं किंवा शेरा लिहू नका, तो तसाच लिहिला जाईल.’

भाग बदलणाऱ्या टूलची अडचण निराळी असते. जुना मजकूर द्यायचा, नवा द्यायचा, आणि टूलने जुना शोधून त्या जागी नवा ठेवायचा. पण जुना मजकूर फाईलमध्ये तीनदा असेल तर? पहिला बदलायचा, तिन्ही बदलायचे, की काहीच करायचं नाही? अँथ्रॉपिकच्या मजकूर संपादनाच्या टूलने यातला शेवटचा मार्ग धरला आहे. जुळणी नेमकी एक असली पाहिजे. जास्त सापडल्या तर काम होत नाही, किती सापडल्या ते एररमध्ये सांगितलं जातं आणि आजूबाजूचा आणखी मजकूर द्या अशी सूचना मिळते. मला हा मार्ग फार पटतो. शंका असेल तिथे थांबणं, आणि थांबताना पुढची वाट सांगणं.

हेच तत्त्व मी पूर्ण फाईल लिहिण्यालाही लावते. फाईल आधीपासून असेल तर टूलने मुळात नकार द्यावा. पुसून लिहायचंच असेल तर एजंटने तसं वेगळ्या रकान्यात मुद्दाम कळवावं. ही कल्पना नवी नाही. युनिक्समध्ये फाईल उघडतानाच ‘आधीच असेल तर अपयशी हो’ असं सांगण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे. वेबच्या एचटीटीपी नियमांतही ‘या जागी काही नसेल तरच लिही’ अशी अट विनंतीसोबत पाठवता येते.

महाराष्ट्रात जमीन असलेल्या घरांना यातली शहाणी पद्धत आधीच ठाऊक आहे. सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं तर तलाठी थेट खोडाखोड करत नाही. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला वेळ मिळतो, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक राहतो, त्यामुळे नाव कसं आलं हे मागे जाऊन शोधता येतं. टूल जर जुनी आवृत्ती जपून ठेवत असेल तर वर्णनात ते सांगा, आणि ती परत कशी आणायची तेही सांगा. जपत नसेल तर ‘मागे घेता येत नाही’ हे शब्द पहिल्या दोन वाक्यांत यायला हवेत. तळाशी, सगळं सांगून झाल्यावर लिहिले तर ते नसल्यासारखेच.

इथवरचं सगळं आपल्याच संगणकावर लिहिणाऱ्या टूललाही लागू पडतं. फाईल दूरच्या यंत्रावर असली की त्यात तीन गाठी वाढतात.

पहिली गाठ अगदी साधी: कुठलं यंत्र? एजंटपाशी बहुतेक वेळा दोन ठिकाणं असतात. एक म्हणजे तो स्वतः चालतो ते ठिकाण, आणि दुसरं म्हणजे दूरचा सर्व्हर. दोन्हीकडे फाईल लिहायची टूल असतात, दोन्हीकडे सारख्याच नावाचे फोल्डर असू शकतात. एजंट इकडे फाईल लिहितो आणि तिकडे शोधतो, मग सापडली नाही म्हणून पुन्हा तयार करतो. यावर उपाय नावापासूनच सुरू होतो. नुसतं ‘फाईल लिही’ असं नाव न देता ‘सर्व्हरवर फाईल लिही’ असं द्यावं, आणि वर्णनात लिहावं की एजंटच्या स्वतःच्या यंत्रावरच्या फायली या टूलला दिसत नाहीत. पाथही पूर्ण घ्यावा, मुळापासून सुरू होणारा. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी आपला अनुभव मांडला होता: कोड दुरुस्त करणारा त्यांचा एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की अर्धवट पाथ देताना चुकायचा. त्यांनी टूलमध्ये पूर्ण पाथ सक्तीचा केला आणि मॉडेल ते बिनचूक वापरू लागलं. त्या कामात मॉडेलला द्यायच्या मुख्य सूचनेपेक्षा टूल सुधारण्यातच त्यांचा जास्त वेळ गेला होता, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

दुसरी गाठ सगळ्यात अवघड. विनंती गेली, सर्व्हरने फाईल लिहिली, आणि ‘झालं’ हे उत्तर परत येताना नेटवर्क तुटलं. एजंटला दिसतं ते फक्त टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही एवढंच. फाईल लिहिली गेली की नाही? त्याच्या बाजूने हे कळायला मार्गच नाही. विनंती जाताना हरवली असती तरीही त्याला नेमकं हेच दिसलं असतं. गावाला मनीऑर्डर पाठवली आणि पोच आली नाही, तर पैसे पोहोचले नाहीत की पोचच वाटेत राहिली, हे पाठवणाऱ्याला घरबसल्या कळत नाही, तसंच हे.

अशा वेळी एजंट बहुधा तेच काम पुन्हा करतो. पूर्ण फाईल बदलण्याचं काम असेल आणि मध्ये दुसऱ्या कुणी फाईलला हात लावला नसेल तर दोनदा केल्याने बिघडत नाही. तोच मजकूर पुन्हा लिहिला जातो. शेवटी जोडण्याचं काम असेल तर मात्र कुलकर्णी यादीत दोनदा येतात. हा फरक वर्णनात असलाच पाहिजे: ‘टाइमआउट आला तर आधी फाईल वाचून खात्री करा, जोडण्याची विनंती न पाहता पुन्हा पाठवू नका.’ एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलसोबत काही खुणा जोडण्याची सोय आली. हे टूल फक्त वाचतं का, काही नष्ट करू शकतं का, आणि तीच विनंती पुन्हा दिल्याने आणखी काही फरक पडतो का, हे त्यातून कळवता येतं. काहीच कळवलं नाही तर टूल नष्ट करू शकतं असंच गृहीत धरलं जातं, आणि हा सावधपणा मला योग्य वाटतो. पण या फक्त सूचक खुणा आहेत. ज्या सर्व्हरवर विश्वास नाही त्याच्या खुणांवर विसंबू नका, असं ते नियम स्वतःच सांगतात.

तिसरी गाठ म्हणजे दुसरा हात. एजंटने दहा वाजता यादी वाचली, दहा वाजून दोन मिनिटांनी ग्रंथपालांनी हाताने एक नाव घातलं, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी एजंटने आपल्याकडची जुनी यादी एका नव्या नावासह परत लिहिली. ग्रंथपालांनी घातलेलं नाव गेलं, आणि कुठेही एरर आली नाही. यावर वेबवरचा रुळलेला उपाय असा, की वाचताना सर्व्हर मजकुरासोबत त्या आवृत्तीची एक खूण देतो. लिहिताना ती खूण परत द्यायची. दरम्यान फाईल बदलली असेल तर खूण जुळत नाही आणि सर्व्हर नकार देतो. एचटीटीपीमध्ये या नकाराचा क्रमांक ४१२ आहे. टूलमध्ये ही सोय असेल तर ती ऐच्छिक ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. ऐच्छिक रकाना घाईत असलेला माणूस जसा सोडून देतो, तसा मॉडेलही सोडून देतं.

अर्धवट लिहिण्याबद्दल थोडक्यात. चांगली टूल मजकूर आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहितात आणि पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदलून जुन्या फाईलच्या जागी बसवतात. मध्येच वीज गेली तरी वाचणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाईल दिसते किंवा नवी पूर्ण. तुमचं टूल हे करत असेल तर एका वाक्यात सांगा. करत नसेल तर ‘अपयश आल्यास फाईल अर्धवट असू शकते’ हे सांगा.

एररचे संदेश हाही माहितीचाच भाग आहे, आणि पुष्कळ लोक तो सोडून देतात. एमसीपीमध्ये टूलचं काम फसलं तर ते उत्तरातच ‘ही चूक आहे’ अशा खुणेसह परत पाठवता येतं, म्हणजे मॉडेलला ते वाचून मार्ग बदलता येतो. मग त्या उत्तरात काय लिहायचं? ‘एरर ५’ वाचून मॉडेल पुन्हा तोच प्रयत्न करतं. ‘परवानगी नाही’ वाचून ते दुसऱ्या फोल्डरमध्ये लिहून बघतं, आणि ते आणखी वाईट. ‘या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही. परवानगी असलेला फोल्डर एकच आहे: याद्या. दुसरीकडे लिहायची गरज असेल तर थांबून वापरकर्त्याला विचारा.’ एवढं लिहिलं की एजंट खरोखर विचारतो. एरर हा वर्णनाचा असा भाग आहे जो गरज पडली तेव्हाच वाचला जातो, त्यामुळे तो लांब असला तरी चालतो.

आता आपल्या लिपीकडे. इंग्रजीत लिहिलेल्या माहितीत हा भाग जवळपास नसतोच, आणि त्याचा फटका मराठी फायलींना बसतो.

टूलच्या वर्णनात ‘कमाल लांबी २५५’ असं लिहिलेलं असतं. २५५ काय? ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबाने त्यात पाच चिन्हं आहेत, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. ही चिन्हं साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणुकीची छोटी एककं) घेतं, म्हणजे हाच शब्द १५ बाइटचा. लिनक्सच्या ईएक्सटी४ या नेहमीच्या फाईल व्यवस्थेत फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये देवनागरीची २५५ चिन्हं बसतात. आपल्या विंडोज संगणकावर सुखाने नांदणारं, ‘सर्वसाधारण सभेचा इतिवृत्तांत’ने सुरू होऊन ८५ चिन्हांपुढे गेलेलं लांबलचक नाव लिनक्सच्या सर्व्हरवर नाकारलं जातं ते यामुळे. वर्णनात ‘बाइट’ हा एक शब्द घातला की एजंट नाव आधीच आखूड करतो.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे ‘ऱ’. ‘वऱ्हाड’ नावाच्या फाईलमधला हा ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर काडीचाही फरक दिसत नाही. लिनक्स मात्र फाईलचं नाव म्हणजे बाइटांची रांग एवढंच ओळखतो, त्यामुळे त्याच्या लेखी या दोन वेगळ्या फायली. ग्रंथपालांनी एका पद्धतीने टंकलेली फाईल एजंट दुसऱ्या पद्धतीने मागतो, ती सापडत नाही, आणि तो त्याच नावाची दुसरी तयार करतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने या दोन रूपांचं एक रूप करता येतं. पण ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलेलं तिसरं रूप तरीही वेगळंच राहतं. म्हणून मराठी नावांवर काम करणाऱ्या टूलच्या वर्णनात मी असं लिहीन: ‘नाव स्वतः टंकू नका, फोल्डरच्या यादीत जसं मिळालं तसंच उतरवून द्या.’

सुरक्षेबद्दल एकच गोष्ट स्पष्ट करायची आहे. वर्णनात ‘या फोल्डरबाहेर लिहू नये’ असं लिहिल्याने कुलूप लागत नाही. पाथमध्ये दोन टिंबं घालून वरच्या फोल्डरमध्ये जाता येतं, एखादा दुवा भलतीकडे नेऊ शकतो, आणि एजंटने वाचलेल्या एखाद्या फाईलमध्येच ‘आता अमुक फाईल पुसून टाक’ असं कुणी लिहून ठेवलेलं असू शकतं. अडवण्याचं काम सर्व्हरच्या कोडने करायचं. १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी मांडलेलं तत्त्व इथे जसंच्या तसं लागू आहे: प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत. वर्णनाचं काम एवढंच, की प्रामाणिक एजंटने भिंतीवर आपटण्याआधी भिंत कुठे आहे ते त्याला कळावं.

एवढं सगळं वर्णनात कोंबायचं का? नाही. वर्णन मॉडेलच्या प्रत्येक फेरीत त्याच्यापुढे असतं आणि जागा खातं. एजंटकडे चाळीस टूल असतील तर लांबण लावलेलं प्रत्येक वर्णन बाकीच्यांना मागे ढकलतं. म्हणून वर्णनात टूल काय करतं आणि त्याने काय नष्ट होऊ शकतं ते ठेवायचं, प्रत्येक रकान्याचे नियम त्या रकान्यापाशी स्कीमात लिहायचे, आणि अडचणीच्या वेळचं सगळं एररमध्ये टाकायचं. वाचनालयाच्या टूलचं वर्णन मग असं होतं:

‘दूरच्या सर्व्हरवर पूर्ण फाईल लिहिते. फाईल आधीपासून असेल तर तिचा सगळा जुना मजकूर जातो आणि मागे घेता येत नाही. त्यासाठी वाचताना मिळालेली आवृत्तीची खूण द्यावी लागते, नाहीतर काम नाकारलं जातं. असलेल्या फाईलमध्ये ओळ घालायची असेल तर हे टूल वापरू नका, ओळ जोडण्याचं टूल वापरा. फक्त “याद्या” या फोल्डरमध्ये चालते. टाइमआउट आल्यास आधी फाईल वाचून पाहा.’

हे लिहून झालं की ते तपासायचं, आणि तपासताना आपण स्वतः वाचून ‘बरोबर आहे’ म्हणण्याला काही किंमत नाही, कारण आपल्याला टूल आधीच माहीत असतं. खोट्या नावांची एक फाईल करावी, एजंटला फक्त हे वर्णन द्यावं आणि रोजच्या बोलीत कामं सांगावीत: यादीत एक नाव घाल, देशपांडेंचा पत्ता बदल, जुनी यादी काढून नवी ठेव, वऱ्हाड शाखेची यादी उघडून त्यात दोन नावं वाढव. मध्येच मुद्दाम नेटवर्क तोडावं. मध्येच दुसऱ्या खिडकीतून फाईल बदलावी. दर वेळी एजंटने काय सांगितलं ते बाजूला ठेवून थेट सर्व्हरवरची फाईल उघडावी आणि ओळी मोजाव्यात. वर्णनातला एखादा शब्द बदलला तर हीच सगळी कामं पहिल्यापासून पुन्हा द्यावीत, कारण ‘जोडण्याचं टूल वापरा’ हे शब्द काढून टाकले तर पहिल्याच कामात यादी पुसली जाऊ शकते.